१०/२२ रायफलीची नळी बदलावी म्हणतो (खारी आणि ससे, ५० यार्डांपर्यंत)

घाटवाट | २ सप्टेंबर

नमस्कार मंडळी.

पश्चिम पेनसिल्व्हेनियात येऊन अकरा वर्षं झाली. ग्रीन कार्ड हातात पडलं की लोक घर बघायला लागतात, मी हंटर-ट्रॅपर कोर्सला (शिकारीच्या परवान्यासाठीचा) नाव घातलं. (यावरचं सौ.चं मत हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) गेल्या हिवाळ्यात दुकानातून रीतसर कागद करून एक जुनी रुगर १०/२२ घेतली (.२२ची सेमी-ऑटो रायफल, म्हणजे दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणारी). आधीच्या मालकाने पंचवीस-तीस वर्षं वापरलेली. लाकडी दस्ता, पुढे नळीला आवळणारा पट्टा, १८.५ इंची मूळ नळी. वर चौपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण.

अडचण अशी की ५० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या तर टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर दोन इंच, कधी सव्वादोन. राखाडी खारीचं डोकं जेमतेम सव्वा इंच. अंगावर लागली की मांस वाया, आणि जखमी होऊन ढोलीत शिरली तर रात्रभर झोप नाही. म्हणून जानेवारीत २५ यार्डांच्या पुढे बारच काढायचा नाही असं ठरवलं. चार फेऱ्यांत मिळून एक खार मिळाली.

आता नळीच बदलावी म्हणतो. ०.९२० इंच जाडीची सरळसोट जड नळी सगळे घेताना दिसतात. खर्च दोनशे डॉलरच्या आसपास बसेल. कोणी बदलली आहे का? घरी जमतं की गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यावी? आणि खरंच फरक पडतो, का नुसती हौस?


साडेमाडे | २ सप्टेंबर

जागा धरून ठेवतो. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण 'सौ.चं मत' हा धागा कधी येतोय?


लोहारकाका | २ सप्टेंबर

घाटवाट, दोन इंचाचा ग्रुप कुठल्या गोळीवर आला ते लिहिलंच नाहीस. .२२मध्ये हा पहिला प्रश्न. नळीचा नंबर त्यानंतर.

मी टेक्सासात आहे, बत्तीस वर्षं झाली. लेथवर पोट भरलं आणि १०/२२ आतापर्यंत सात-आठ तरी उघडल्या असतील, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ही रायफल १९६४ची. तिची गंमत अशी की नळी रिसीव्हरला (मागचा मुख्य सांगाडा, ज्यात नळी मागून बंद करणारा बोल्ट सरकतो) आट्यांनी बसवलेली नसते. खाली व्ही आकाराचा एक ठोकळा असतो, त्याला दोन ॲलन स्क्रू. स्क्रू आवळले की ठोकळा नळीला मागे खेचून धरतो. बस, एवढंच. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ५/३२ इंची ॲलन चावीने नळी बदलता येते, आणि म्हणूनच या एका रायफलीसाठी सुट्या नळ्यांचा एवढा मोठा बाजार उभा राहिला. ग्रीन माउंटन, व्होल्क्वार्टसन, किड, टॅक्टिकल सोल्युशन्स, पाहिजे ते घे.

पण घेण्याआधी चार गोष्टी बघ. एक तर दस्त्याला धरणारा स्क्रू. या रायफलीत तो एकच असतो, तो सैल असेल तर सोन्याची नळी लावूनही उपयोग नाही. मग दुर्बिणीच्या कड्या हलवून बघ. पुढचा पट्टा काढून एक ग्रुप मार, तो पट्टा लाकूड फुगलं-सुकलं की नळीवर वेगवेगळा दाब देतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीचं तोंड बघ.

तोंड का, ते सांगतो. १०/२२च्या रिसीव्हरला मागून भोक नसतं. त्यामुळे साफ करायला गज पुढून, तोंडातूनच घालावा लागतो. पंचवीस वर्षं कोणी स्टीलचा जोडगज तोंडाला घासत आत-बाहेर केला असेल, तर आतल्या पिळांची (गोळीला फिरकी देणाऱ्या खोबणींची) शेवटची कड एका बाजूने झिजते. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. एका बाजूने आधी सुटला की गोळीला शेपटीकडून धक्का बसतो आणि ती डोलत जाते. कानात घालायची कापसाची काडी घे (बोल्ट मागे अडकवून, मॅगझिन काढून, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती नळीची मागची जागा, रिकामा आहे हे दोनदा बघून), तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच बाहेर ओढ, गोल फिरवत. जिथे कापूस अडकेल तिथे कड दुखावलेली आहे.

तसं असेल तर नवीन नळी घेऊ नकोस. गनस्मिथ चाळीस-पन्नास डॉलरमध्ये तोंड नव्याने कापून देतो.


भीमाशंकरी | ३ सप्टेंबर

क्षमस्व, पण रामाने पाठीवरून बोटं फिरवलेल्या जिवाला मारायला दोनशे डॉलरची नळी? शेकरू हा आपला राज्यप्राणी आहे. मराठी संकेतस्थळावर असे धागे बघून वाईट वाटलं.


घाटवाट | ३ सप्टेंबर

@भीमाशंकरी, राग समजू शकतो. मीही भीमाशंकरला शेकरू बघायला तीनदा गेलोय. इथली राखाडी खार ती नव्हे, पाठीवर बोटंही नाहीत. सीझन ठरलेला, दिवसाला सहाची मर्यादा, परवाना खिशात. रायफल आणि काडतुसांवर केंद्र सरकारचा ११ टक्के कर लागतो, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामालाच जातो. मारतो ते खातो. तुम्ही कोंबडी खात नसाल तर माझं काही म्हणणं नाही.

@लोहारकाका, गोळी म्हणजे सुपरमार्केटमधला मोठा डबा, ५००चा. सगळ्यात स्वस्त होता तो. काडीचं शनिवारी बघतो.


यॉर्कशायरी_भाकरी | ३ सप्टेंबर

भीमाशंकरी यांना इंग्लंडातून एक माहिती. ही राखाडी खार अमेरिकेतून इकडे १८७६मध्ये चेशायरमध्ये आणून सोडली. तिच्याबरोबर आलेल्या देवीसारख्या रोगाने आणि खाण्यातल्या स्पर्धेने इथली लाल खार बहुतेक इंग्लंडातून नाहीशी झाली. इथे पकडलेली राखाडी खार परत सोडणं हाच गुन्हा आहे.

अवांतर: घरच्या टेबलावर नळी बदलता हे वाचून हेवा वाटला. इकडे नळी हा स्वतंत्र नोंदीचा भाग आहे. पोलिसांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर आधी तिची जागा मंजूर करून घ्यायची, मगच विकत घ्यायची. आणि विकली जाणारी प्रत्येक नळी लंडन नाहीतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून दाब तपासून शिक्का मारलेली हवी. तरी सेमी-ऑटो .२२ रिमफायर (१०/२२ त्यातलीच) ठेवता येते हेच नशीब, १९८८नंतर बाकीच्या सेमी-ऑटो रायफली बंद झाल्या.


एच_वन_बी_चा_बी | ४ सप्टेंबर

धाग्याला थोडा फाटा. मी एच-१बीवर आहे, न्यू जर्सीत. मलाही शौक आहे. घेता येते का?


लोहारकाका | ४ सप्टेंबर

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला बंदी आहे. त्याला अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे वैध शिकार परवाना. तो हातात असेपर्यंत अपवाद, मुदत संपली की संपला. बऱ्याच देशी पोरांना हे माहीत नसतं, मित्राच्या रेंजवर हौसेने बार काढतात आणि फोटो टाकतात. शिवाय न्यू जर्सीचे स्वतःचे नियम पेनसिल्व्हेनियापेक्षा फार कडक आहेत. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, मग बाकी सगळं. शंभर-दोनशे डॉलर फी जाईल, पण ग्रीन कार्डच्या फाइलला डाग नको.

आणि सगळ्यांसाठीच: रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की ती १९३४च्या कायद्यात जाते, आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. नळी घेताना लांबी वाचून घ्या. तोंडाला आटे पाडलेल्या नळ्यांवर काही राज्यांत वेगळे नियम आहेत, तेही वाचा.


साडेमाडे | ४ सप्टेंबर

माझा साताऱ्याचा मेहुणा म्हणतो, नळी जर अमेरिकेत नुसता सुटा भाग आहे तर येताना बॅगेत एक आण. त्याच्याकडे जुनी .२२ आहे, लायसनची.


नेमबाज_कोल्हापूर | ४ सप्टेंबर

मेहुण्याला सांगा, गप्प बसायचं. आर्म्स ॲक्ट, १९५९मध्ये शस्त्र म्हटलं की त्याचे सुटे भागही आलेच. विमानतळावर उतरल्या उतरल्या पाहुणचार होईल. तिकडून निघतानाही निर्यातीचा परवाना लागतो. आणि इथे लायसनच्या हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्याकडेच करायची असते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाही.

धाग्याबद्दल: मी क्लबात ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारतो. आमच्या कोल्हापूरला .२२ म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये याच अंतरावर विश्वविजेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं, ५० मीटरवर.

तर त्या जगातली एक गोष्ट सांगतो. वरच्या पातळीचे नेमबाज रायफल घेऊन गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात. बर्मिंगहॅमला एलीची आहे, जर्मनीत शोनेबेकला लापुआची. तिथे रायफल शिकंज्यात बांधून एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या गोळीचे वेगवेगळे लॉट मारून बघतात. नाव तेच, खोकं तेच, फक्त लॉटचा नंबर वेगळा, तरी ग्रुप वेगळा पडतो. मग आवडलेला लॉट पोत्याने उचलायचा. एवढ्या भारी नळीचं हे, तर सुपरमार्केटच्या डब्याकडून काय अपेक्षा ठेवता? आधी गोळ्या बदला.


घाटवाट | ७ सप्टेंबर

काका, तुम्ही देवमाणूस आहात.

कापसाची काडी फिरवली. घड्याळात चार वाजतात त्या जागेवर कापूस अडकला, आणि दर वेळी तिथेच. मग पोराचं शाळेतलं भिंग आणून बघितलं. पिळांच्या सहा खोबणी आहेत, त्यातल्या पाचांची कड टोकदार आणि एकीची चक्क चाटल्यासारखी गुळगुळीत. दुकानदाराने रायफलीबरोबर आधीच्या मालकाचा तीन तुकड्यांचा स्टीलचा गजही फुकट दिला होता. तेव्हा मला वाटलं काय दिलदार माणूस आहे.

दस्त्याचा स्क्रूही पाव वळसा सैल निघाला. तो आवळून, पट्टा काढून, दोन प्रकारच्या गोळ्या मारल्या. डब्यातली १.९ इंच. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी १.६. म्हणजे सुधारलं, पण खारीच्या डोक्याएवढं नाही.

आता खरं सांगतो, रागावू नका. नळी ऑर्डर करून टाकली. ०.९२०, १८ इंची, जड, बेंट्झ चेंबरची. तोंड कापून घेणं शहाणपणाचं होतं हे कळतं, पण चार वाजताची ती खोबण बघितल्यावर मन उडालं.


लोहारकाका | ७ सप्टेंबर

रागवायचं काय त्यात. मुलीकडच्यांनी माहिती काढायच्या आधीच साखरपुडा उरकणारे आम्ही बरेच पाहिलेत. जुनी नळी फेकू नकोस एवढंच.

आता बेंट्झ घेतली आहेसच तर चेंबरबद्दल दोन शब्द. कारखान्याची साधी चेंबर ऐसपैस असते, कुठलीही गोळी, कसल्याही कचऱ्यात, आत जाऊन बाहेर यावी म्हणून. मॅच चेंबर आवळ, गोळी पिळांना टेकूनच बसते, नेम छान पण जरा मळ साचला की अडते. बेंट्झ या दोघींच्या मधली, सेमी-ऑटोसाठीच काढलेली. शिकारीला तीच बरी.

पण एक पथ्य. सीसीआय स्टिंगर या नळीत घालायची नाही. तिची पितळी पुंगळी साध्या .२२ लाँग रायफलपेक्षा लांब असते, आवळ चेंबरमध्ये ती पिळांच्या सुरुवातीत घुसते आणि दाब वाढतो. नळीबरोबर येणाऱ्या कागदावर बहुतेक लिहिलेलं असेल. कागद वाच.

आणि शिकारीलाही सेकंदाला १,०७० फूट जाणारीच गोळी (तुझी सीसीआय स्टँडर्ड) वापरून बघ. जोरात जाणारी १,२३५ फुटांची गोळी नळीतून निघते तेव्हा आवाजाच्या वेगाच्या वर असते आणि वाटेतच त्याच्या खाली येते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,१२५ फूट. तो उंबरठा ओलांडताना गोळी डगमगते. हळू गोळी पहिल्यापासून उंबरठ्याच्या अलीकडेच असते. ५० यार्डांच्या आत खारीला दोन्हींत फरक कळत नाही. त्यापुढे मात्र ही हळू गोळी भराभर पडते. ५०वर झिरो केलीस (दुर्बिणीचा नेम तिथे जुळवलास) तर १००वर सहा-सात इंच खाली. तिथे मारायचंच नाही.


पाटवडी | ८ सप्टेंबर

मी वाचनमात्र असते, पण विचारतेच. नवरा ओहायोत शिकार करतो, मला साफसफाई करावी लागते. घाटवाट, तुमच्याकडे खार सोलतं कोण? त्यावरून सौ.चं मत काय असेल ते कळेल.


घाटवाट | ८ सप्टेंबर

मीच. गॅरेजमध्ये, नळाखाली, गरम असतानाच, शेपटीखालून काप देऊन शर्ट काढल्यासारखी. एक केस आत गेला तरी भांडं वेगळं, गॅस वेगळा, मी वेगळा.


पाटवडी | ८ सप्टेंबर

सुज्ञ आहेत बाई.


घाटवाट | २१ सप्टेंबर

नळी आली, बसवली. वृत्तांत देतो, फजितीसकट.

मॅगझिन काढलं, चेंबर बोट घालून तपासलं, दस्ता उतरवला. दोन स्क्रू निघाले. ठोकळा निघाला. नळी निघेना! पंचवीस वर्षांचं तेल आणि दारूची काजळी गोंदासारखी बसली होती. रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी हाताने डावीकडे-उजवीकडे पिळत ओढली तेव्हा 'टप्प' आवाज करून आली. नवीन सरळ आत गेली. ठोकळा, दोन स्क्रू, आलटूनपालटून थोडे थोडे आवळले. बारा मिनिटं. छाती फुगली.

मग कळलं की जाड नळी मूळ दस्त्यात मावतच नाही. खोबण निमुळत्या नळीसाठी कोरलेली. आता हे मला आधी सुचायला नको का? दांडक्याला सँडपेपर गुंडाळून दोन संध्याकाळी घासत बसलो. नळी आणि लाकडामधून एका डॉलरची नोट सरकेपर्यंत घासायचं असं वाचलं होतं. माझ्या दस्त्यातून आता पाच डॉलर सुटे सरकतील.

रेंजवर गेलो. पहिली गोळी सुटली, पुंगळी आतच. दुसरी भरली, तेच. दहातल्या सात पुंगळ्या अडकल्या. सुरीच्या टोकाने काढत बसलो. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला तुमच्या रायफलीचा दोष. आता काय करू?


लोहारकाका | २१ सप्टेंबर

अडकलेल्या पुंगळीच्या कडेचा फोटो टाक. आणि नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे एक खाच आहे, तिचाही.


घाटवाट | २१ सप्टेंबर

टाकले दोन्ही.


लोहारकाका | २२ सप्टेंबर

बघितले. पुंगळीच्या कडेवर आकड्याच्या नखाचा ओरखडाच नाही. म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या बोल्टवरच्या आकड्याने तिला धरलंच नाही. खाचेच्या खालच्या बाजूला मात्र चकचकीत घासल्याची खूण आहे. तुझी नळी एक केसभर फिरलेली बसली आहे. आकडा खाचेत मोकळा शिरण्याऐवजी तिच्या भिंतीला टेकतोय. गोळीचा दोष नाही, नळीचाही नाही, हात घाई करतोय.

दोन्ही स्क्रू सैल कर, पूर्ण काढू नको. बोल्ट हळू पुढे आण, आकडा खाचेच्या बरोबर मध्ये येईल एवढी नळी फिरव, ठोकळा दाबून धर आणि मग आवळ. आवळतानाही नळी फिरायला बघते, म्हणून एकदम एकच स्क्रू पिळायचा नाही. भरलेलं काडतूस घालून हे तपासायचं नाही, रिकाम्या पुंगळीने कर.


घाटवाट | २८ सप्टेंबर

काका, चालली. शंभर गोळ्यांत एकही पुंगळी अडकली नाही. विकणाऱ्याला फोन करून सॉरीही म्हटलं, तो हसला.

आकडे देतो. ५० यार्ड, पुढे वाळूची पिशवी, पाच गोळ्यांचे पाच-पाच ग्रुप, सरासरी. सुपरमार्केटचा डबा १.३ इंच. सीसीआय स्टँडर्ड ०.९. जर्मन एसके स्टँडर्ड प्लस ०.६. त्यातला एक ग्रुप तर असा की पाच भोकांचं मिळून एकच, वेड्यावाकड्या पाकळीसारखं. तो कागद फ्रिजवर लावलाय. सौ.ने त्यावर दुधाचा हिशेब लिहिलाय.

एक गंमत. नळी आतून साफ करून पहिल्या दहा-बारा गोळ्या मारल्या की त्या कुठेही जातात, नंतर ग्रुप जमतो. मला वाटलं माझा हात थरथरतोय.


नेमबाज_कोल्हापूर | २८ सप्टेंबर

हात नाही. शिशाची गोळी आणि तिच्यावरचं मेण यांचा पातळ थर नळीत बसावा लागतो. आम्ही मॅचच्या आधी नळी घासून चकाचक कधीच करत नाही. चेंबरच्या पुढे काजळीचं कडं जमतं तेवढं काढायचं, बाकी नळीला तिच्या तंद्रीत राहू द्यायचं. दर रविवारी घासणाऱ्यांच्या नळ्या गोळ्यांपेक्षा गजानेच जास्त झिजतात. तुमच्या आधीच्या मालकासारख्या.


व्हिक्टोरियावाला | २९ सप्टेंबर

मेलबर्नहून. इकडे १९९६नंतर सेमी-ऑटो .२२सुद्धा शेतकऱ्यासारखं खास कारण दाखवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून आमचं सगळं बोल्ट-ॲक्शनवर, हाताने बोल्ट ओढून गोळी भरायची. सीझेड ४५७ आहे माझ्याकडे, सशांसाठी. तिचीही नळी दोन छोट्या स्क्रूंवर निघते आणि .२२ एलआरची (लाँग रायफल) काढून .१७ एचएमआरची, म्हणजे बारीक पण जास्त दाबाच्या काडतुसाची, लावता येते. ती मात्र १०/२२वाल्यांनी मनात आणू नये, त्यांचा बोल्ट नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर मिटतो, .१७चा दाब त्याला झेपत नाही.


घाटवाट | १३ ऑक्टोबर

शिकारीचा वृत्तांत.

शनिवारी पहाटे गेम लँडवर (शिकारीसाठीचं सरकारी रान). डोक्याला आणि छातीला नारिंगी कापड, इथे सक्तीचं आहे. रायफल आता दुर्बिणीसकट पावणेआठ पौंड भरते, आधी सहाच्या आत होती. आकड्यात हे काही वाटत नाही. पण पेनसिल्व्हेनियाचा डोंगर, पायाखाली ओली पानं, आणि खार दिसली की रायफल उचलायची, ती झाडामागे गेली की खाली, पुन्हा उचलायची. नऊ वाजता डावा खांदा बोलायला लागला. पहिली खार ४० यार्डांवर होती. उभ्याने धरली तर दुर्बिणीतली फुली तिच्या अंगावरून कबड्डी खेळत होती. ०.६ इंचाची नळी आणि माझा हात चार इंचाचा. नाही मारली.

वैतागून एका शॅगबार्क हिकरीखाली बूड टेकलं. पाठ झाडाला, गुडघे वर, रायफल गुडघ्यावर. पंधरा मिनिटांनी वरून बारीक बारीक काहीतरी पडायला लागलं, पानांवर पावसाची भुरभुर पडावी तसं. हिकरीच्या सालीचा चुरा. वर बसून कोणीतरी नाश्ता करत होतं. बरोबर समोरच्या झाडावर दुसरी, ४५ यार्ड, फांदीच्या बेचक्यात, मागे जाड खोड. गुडघ्यावर ही जड नळी अशी निवांत पडली होती की फुली हललीच नाही. एक गोळी, कानामागे. अर्ध्या तासाने दुसरी, ३८ यार्ड.

नाश्ता करणारी शेवटपर्यंत वरच होती. तिच्या मागे नुसतं आभाळ होतं म्हणून तिच्याकडे रायफल वळवली नाही. खोक्यावरच छापलेलं असतं, गोळी दीड मैल जाते.


भीमाशंकरी | १३ ऑक्टोबर

मत बदललेलं नाही. पण नाश्ता करणारी वाचली हे वाचून बरं वाटलं. हिकरीखालचा परिच्छेद मारामारी वगळून पुन्हा वाचला.


पाटवडी | १४ ऑक्टोबर

रस्सा केला की नाही?


घाटवाट | १४ ऑक्टोबर

केला. आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर, मग आलं-लसूण-हळद लावून कुकरला पाच शिट्ट्या, म्हातारी खार असेल तर सहा. भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा कोल्हापुरी मसाला. मांस सशासारखं, थोडं गोडसर, ऑक्टोबरची खार हिकरी खाऊन असते. सौ.ने रस्सा घेतला, फोड नाही.


साडेमाडे | १४ ऑक्टोबर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). रस्सा घेतला म्हणजे मत अर्धं बदललं. वाखुसा (वाचनखूण साठवली).


घाटवाट | ९ नोव्हेंबर

शेवटचा हप्ता. लोहारकाका, हसू नका.

जड नळी बसून मारायला नंबर एक. पण सशाला बसून चालत नाही, झुडपं तुडवत हिंडावं लागतं. म्हणून कपाटातली जुनी नळी काढली आणि गावातल्या गनस्मिथकडे नेली. ऐंशीच्या पुढचा गृहस्थ, गॅरेजमध्ये लेथ. त्याने भिंगातून तोंड बघितलं, 'हम्म' म्हणाला, पाव इंच कापलं आणि कड पुन्हा घडवली. अजूनही १८ इंचांच्या वर आहे. मी बाहेर कॉफी पिऊन येईपर्यंत काम झालं होतं. ४० डॉलर.

पाच ग्रुप, एसके, ५० यार्ड: सरासरी १.१ इंच. सीसीआय स्टँडर्डवर १.२.

म्हणजे २१० डॉलरची नळी, दोन संध्याकाळचा सँडपेपर आणि एक फोनवरची सॉरी, एवढ्यात मी अर्धा इंच कमावला. बाकीचा जवळजवळ इंच त्या म्हाताऱ्याच्या लेथवर आणि गोळीच्या खोक्यात होता. पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं तुम्ही.


लोहारकाका | ९ नोव्हेंबर

हसत नाही. माझ्या पहिल्या १०/२२ला मी तीन नळ्या घेतल्या होत्या, तेव्हा मला सांगायला कोणी नव्हतं. आता दोन्ही ठेव. मात्र दुर्बीण रिसीव्हरवर आहे, नळीवर नाही. नळी बदललीस की झिरो हलणार, दर वेळी पाच गोळ्या कागदावर मारल्याशिवाय रानात जायचं नाही.


घाटवाट | १० नोव्हेंबर

हो, ते कळलं. जड काढून हलकी लावली की दुर्बिणीच्या स्क्रूचे सात क्लिक वर, तीन डावीकडे. दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय. तरी पाच गोळ्या मारतोच, परवा सातचे नऊ झाले होते.